मदत हवी आहे: एकाच कॉम्प्युटरवर फ्लॅटहब, म्हणजे लिनक्स ॲपचं ऑनलाइन भांडार, दोनदा (सिस्टिम: सगळ्यांसाठी, आणि यूजर: एका खात्यापुरतं), कुठलं काढू?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात एक डेस्कटॉप आहे. १२० जीबीची एसएसडी, डेबियन १२ (लिनक्स), ग्नोम डेस्कटॉप. खाती तीन: ग्रंथपालबाईंचं (ॲडमिन), वाचकांचं आणि मुलांचं. दर रविवारी जाऊन देखभाल मी बघतो. परवा डिस्क भरत आल्याची सूचना दिसली, म्हणून खोदायला बसलो.

फ्लॅटपॅक म्हणजे लिनक्सवर ॲप टाकायची एक पद्धत. सिस्टिमचं फ्लॅटपॅक व्हार-लिब या फोल्डरात आहे, ते ठीक. पण वाचक आणि मुलं या दोन्ही खात्यांच्या होममध्ये (खात्याच्या स्वतःच्या फोल्डरात), डॉट-लोकल-शेअरखाली, आणखी एकेक फ्लॅटपॅक निघालं. मुलांना हवा होता फक्त जीकॉम्प्री, हा शैक्षणिक खेळांचा संच. त्याच्यासोबत केडीईचा अख्खा रनटाइम (ॲप चालायला लागणाऱ्या फाइलींचा संच) आलाय, आणि तोच सिस्टिममध्येही पडलाय. त्या खात्यात 'फ्लॅटपॅक रिमोट्स' ही कमांड दिली (रिमोट म्हणजे जोडलेलं भांडार) की फ्लॅटहब दोन ओळींत येतं: एकीपुढे सिस्टिम, दुसरीपुढे यूजर. ॲडमिनचा पासवर्ड नसल्यामुळे कुणीतरी डॅश-डॅश-यूजर हा पर्याय लावून जोडलं असावं.

जागेपेक्षा मला अपडेटची काळजी जास्त आहे. इंटरनेटचा डेटा वाचावा म्हणून ऑटोमॅटिक अपडेट बंद ठेवलेत. ग्रंथपालबाई दर महिन्याला नेमाने फ्लॅटपॅक अपडेट चालवतात, सगळं ताजं आहे असं उत्तर येतं. आणि वाचकांच्या खात्यातला फायरफॉक्स कित्येक महिने जुना! त्यावर लोक वीजबिल भरतात, बँकेत लॉगिन करतात.

सगळं सिस्टिममध्ये आणायचंय. पण बाईंनी वाचकांसाठी विश्वकोश, बालभारतीचे बुकमार्क एकेक करून जमवलेत, ते जाता कामा नयेत. ॲडमिन खात्यातून सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) लावून यूजरचा रिमोट काढायला गेलो, तर असा रिमोटच नाही म्हणतो. काय चुकतंय?

प्रतिसाद १

सुडो लावलंत तिथेच चुकलं. सुडोखाली 'यूजर' म्हणजे रूट, हे सर्वाधिकार असलेलं खातं. तो रूटच्या होममध्ये शोधतो, तिथे काहीच नाही. यूजरचं काम त्या-त्या खात्यात लॉगिन करून, सुडोशिवाय करायचं. अपडेटचंही तेच: ती कमांड सिस्टिम आणि चालवणाऱ्याचं स्वतःचं खातं एवढंच बघते. शेजारच्या खात्याला हात लावत नाही.

बुकमार्क सुरक्षित आहेत. ॲपचा डेटा होममधल्या डॉट-व्हार, त्यातल्या ॲप या फोल्डरात असतो. ॲप सिस्टिमचं असो की यूजरचं, फोल्डर तोच. तरी आधी त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्याच.

मग ॲडमिन खात्यातून फायरफॉक्स आणि जीकॉम्प्री सिस्टिममध्ये टाका, अपडेट करा. हे आधीच करा, कारण नव्या फायरफॉक्सने वापरलेली प्रोफाइल (बुकमार्क, सेटिंग्ज असलेला फोल्डर) जुना फायरफॉक्स उघडू देत नाही. त्यानंतर वाचकांच्या खात्यात जाऊन अनइन्स्टॉल डॅश-डॅश-यूजर. डिलीट-डेटा हा ॲपचा डेटाही पुसणारा पर्याय चुकूनही लावू नका. पुढे अनइन्स्टॉल डॅश-डॅश-अनयूज्ड, म्हणजे रनटाइम जातील, आणि शेवटी रिमोट-डिलीट डॅश-डॅश-यूजर फ्लॅटहब. मुलांच्या खात्यात पुन्हा हेच.

प्रतिसाद २

यूजरचा रिमोट जोडायला पासवर्ड लागतच नाही, कारण सगळं स्वतःच्या होममध्ये जातं. त्यामुळे काढलात तरी महिन्याभरात परत दिसेल. ग्नोमचं पॅरेंटल कंट्रोल्स टाका आणि दोन्ही साध्या खात्यांना ॲप इन्स्टॉल करण्यावर बंधन घाला. फ्लॅटपॅक ते पाळतं. मात्र मुलांना नवीन काही हवं असेल तर ते सांगायची सोय ठेवा, एखादी वही टेबलावर असू दे. नाहीतर बिचारी पोरं गप्प बसतील.

धागाकर्ता

मनापासून आभार. आज वाचकांचं खातं झालं. फायरफॉक्स उघडला तेव्हा बाई शेजारीच उभ्या होत्या. बुकमार्कची पट्टी जशीच्या तशी आली. रिमोट्समध्ये आता एकच ओळ, सिस्टिम. मुलांचं खातं पुढच्या रविवारी. वही आजच ठेवली आहे.