मदत हवी आहे: डीएफई चालू करूनही लिंकचा जिटर (बिटांच्या कडा पुढेमागे सरकणं) जात नाही

घणसोलीकर
महापे एमआयडीसीत आहे. दोन कार्डं, मध्ये बॅकप्लेन (कार्डं खोचायचं मागचं बोर्ड), सेकंदाला ६.२५ गिगाबिटची सिरीयल लिंक. अ‍ॅडॅप्टिव्ह डीएफई (आधीच्या बिटांची शेपटी वजा करणारा इक्वलायझर; टॅप म्हणजे त्याचे वजाबाकीचे आकडे, तो ते आपले आपण जुळवतो) चालू आहे. टेस्ट पॅटर्नवर झकास चालते, खरा डेटा सोडला की मधूनच एररचा घोस येतो. शनिवारी कार्डं क्लायंटकडे जायचीत. टॅप हाताने किती ठेवू? आकडे सांगा, थिअरी नको.

वागळेकाका
आकडे असे मिळत नसतात हो. रेफरन्स क्लॉक कुठला? स्विचिंग सप्लाय त्याच्यापासून किती लांब? वागळे इस्टेटला बोर्डं बनवण्यात आयुष्य गेलं, चोर बहुतेक वेळा पॉवरमध्येच सापडला. आधी क्लॉक बदला.

निव्वळ_वाचक
आमच्या ऐरोलीतही संध्याकाळी जिटर वाढतो, व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो. राउटर पाच गिगाहर्ट्झवर टाका आणि मायक्रोवेव्हपासून दूर ठेवा. फरक पडेल.

तांब्याची_तार
@निव्वळ_वाचक, तो पॅकेटचा जिटर, मिलिसेकंदांतला. इथे एक बिटच १६० पिकोसेकंदांचा आहे.

घणसोलीकर, माहिती अर्धवट आहे. बॅकप्लेनची लांबी? ३.१२५ गिगाहर्ट्झला सिग्नलचं नुकसान किती डीबी? टेस्ट पॅटर्न कोणता आणि किती वेळ चालवला?

घणसोलीकर
पीआरबीएस-३१ (कसेही आल्यासारखे दिसणारे बिट), पाच मिनिटं, शून्य एरर. नुकसान साधारण ११ डीबी. क्लॉक काल बदलून पाहिला काका, तेच.

तांब्याची_तार
पाच मिनिटं कमी पडतात. एरर रेट दहाच्या उणे बाराव्या घाताखाली आहे हे ९५ टक्के खात्रीने म्हणायचं तर ३ लाख कोटी बिट बिनचूक जायला हवेत, म्हणजे या वेगाला आठ मिनिटं. पण तुमची गोची वेगळी दिसते.

सर्किटशेठ
एवढं डोकं कशाला लावता, मध्ये रीड्रायव्हर (सिग्नल मोठा करणारी चिप) टाका. आमच्या रबाळ्याच्या युनिटात दोन वर्षांपूर्वी टाकला, परत बघावं लागलं नाही.

तांब्याची_तार
रीड्रायव्हर सिग्नलबरोबर नॉइजही मोठा करतो. क्लॉक नव्याने काढून बिट ताजे करून पाठवतो तो रीटायमर. आणि शनिवारपर्यंत बोर्ड नवं कोण करणार, तुम्ही?

सर्किटशेठ
चालतंय ना पण आमचं. पुस्तकी लोकांना चालणारी गोष्टही सिद्ध करून दाखवावी लागते. (ह. घ्या.)

वागळेकाका
मूळ मुद्दा कोणी बघत नाहीये. इक्वलायझर सगळा जिटर खात नाही. आधीच्या बिटाची शेपटी पुढच्या बिटावर पडून कडा सरकते, तेवढंच तो आवरतो. सप्लायच्या लहरीने किंवा थर्मल नॉइजने सरकलेली कड त्याच्या हातात नाही. सीटीएलई (बिटांचा निकाल लागण्याआधीचा अ‍ॅनालॉग इक्वलायझर) तर वरच्या फ्रिक्वेन्सी उचलताना शेजारच्या लाइनची कुजबुजही उचलतो.

तांब्याची_तार
काका, शंभर टक्के मान्य. पण सप्लायचा दोष असता तर पीआरबीएसवरही दिसला असता. घणसोलीकर, एकच सांगा: डेटा नसताना लाइनवर काय जातं? आणि एन्कोडिंग कुठलं?

खारीगाव_लोकल
अवांतर: महापेत ईएनटीसीवाल्यांना जागा आहेत का? भाच्याची बीई झाली यंदा. ठाण्याहून घणसोलीला उतरून पुढे शेअर रिक्षा मिळते ना?

घणसोलीकर
मिळते, सकाळी रांग असते. जागांचं एचआरला विचारा.

एन्कोडिंग ८बी/१०बी (दर ८ बिटांचे १० करून पाठवणं), हे लिहायचं राहिलं. डेटा नसला की कॉमाचे आयडल (रिकाम्या वेळी भरायचे ठरलेले कोड) जातात, तेच तेच. पण एरर आयडलमध्ये नाहीत, डेटामध्ये आहेत. त्याचा काय संबंध?

तांब्याची_तार
तिथेच पाणी मुरतंय. टॅप जुळवणारं एलएमएस (चूक थोडीथोडी कमी करत जाणारं गणित, विड्रो आणि हॉफ यांचं, १९६०चं) बघतं काय, तर आत्ताची चूक मागच्या कुठल्या बिटाबरोबर हलते. त्यासाठी बिट एकमेकांशी फटकून वागायला हवेत. पीआरबीएसमध्ये वागतात. तोच तोच आयडल आला की मागचे बिट एकमेकांना बांधलेले असतात, टॅपच्या भलत्या जोड्याही तेवढंच बरोबर उत्तर देतात, आणि टॅप हळूहळू भरकटतात. आयडल नीट वाचला जातो म्हणून तोवर कळत नाही. मग खरा डेटा येतो, टॅप चुकीच्या जागी, त्यात डीएफई आपल्याच निकालावर पुढचं वजा करतो, म्हणून एक चूक चार ओढून आणते. तुमचा घोस तो हाच.

डेटा स्क्रॅम्बल करा (ठरलेल्या रीतीने बिट विस्कटून पाठवा, म्हणजे तेच तेच जाणार नाही).

घणसोलीकर
स्क्रॅम्बलर नाही टाकता येणार. समोरचं कार्ड क्लायंटचं आहे, त्याचं फर्मवेअर आमच्या हातात नाही.

सर्किटशेठ
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

तांब्याची_तार
मग ट्रान्सीव्हर (चिपमधला बिट पाठवणारा-घेणारा भाग) एलपीएम (लो पॉवर) मोडवर टाका. त्यात डीएफई नसतो, नुसतं सीटीएलईसारखं काम. ११ डीबीला पुरायला हवा. तुमच्या चिपच्या मॅन्युअलमध्ये ८बी/१०बी आणि डीएफईबद्दल बहुतेक इशाराही असेल, शोधा. दुसरी वाट: पीआरबीएसवर टॅप जुळवून घ्या आणि गोठवा.

वागळेकाका
गोठवलेले टॅप तापमान बदललं की जुने होतात. क्लायंटच्या रॅकमध्ये एसी नसला तर दुपारी बोंब. एलपीएमच बरा. (पॉवर तरी एकदा बघाच.)

घणसोलीकर
एलपीएमवर टाकलं. काल रात्री ९ ते सकाळी ८, मध्ये आयडल, मध्ये डेटा, असं आलटूनपालटून. सात स्लॉटवर शून्य. काका, सप्लायही बघितला, ठीक आहे.

आठव्या स्लॉटवर मात्र चार एरर. तो सगळ्यात लांबचा, त्याचं नुकसान मी मोजलंच नव्हतं, ११ डीबी मधल्या स्लॉटचं होतं. आज मोजतो. समोरच्या कार्डाचा डी-एम्फसिस (वाटेतल्या नुकसानाची पाठवतानाच केलेली भरपाई) वाढवायला क्लायंट तयार होतो का तेही विचारतो, तेवढी सेटिंग म्हणे त्यांच्या मेनूत आहे.