‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडी आली की अडली?

टिळकवाडी, बेळगाव

परवा दुसऱ्या रेल्वे गेटाशी अडकलो होतो. शेजारी वडील, मागच्या सीटवर पुण्याहून आलेली भाची. गेट पडून दहा मिनिटं झाली तरी गाडीचा पत्ता नाही. तेवढ्यात वडील म्हणाले, “सिग्नल पडला बघ, आता येतंय.” भाची चक्रावली. “आजोबा, सिग्नल पडला तर गाडी थांबेल ना? येईल कशी?” तिच्याकडे चौकात सिग्नल पडला म्हणजे लाल झाला, ब्रेक मारा. वडिलांच्या तोंडी तोच शब्द बरोबर उलटा. दोघंही मराठीच बोलत होते आणि मला काही मधे पडता येईना. जाणकारांनी सांगावं, या ‘पडण्या’चा मूळ अर्थ कोणता?

खानापूर

तुमचे वडील चुकत नाहीत. आमचे चुलते मीटर गेजच्या काळात सांधेवाले होते, म्हणजे गाडी एका रुळावरनं दुसऱ्यावर नेणारे सांधे लावायचे, त्यामुळे हे शब्द आमच्या घरी रोजचे. जुना सिग्नल म्हणजे खांबावरचा हात. हात आडवा असला की थांबा. केबिनमधनं लिव्हर ओढली, तार ताणली, की हात ४५ ते ६० अंश खाली कलायचा. म्हणजे पडायचा. पडला की वाट मोकळी. फलाटावरची माणसं घड्याळाकडे बघत नसत, हाताकडे बघत. हात पडला की गाठोडी उचलायची.

रात्री हात कुठला दिसतोय? त्याच्या मुळाशी दोन काचा असायच्या आणि मागे रॉकेलचा दिवा. तांबडी काच तांबडीच, पण हिरव्या उजेडासाठीची काच हिरवी नसायची, निळसर असायची! रॉकेलची ज्योत पिवळट, तिच्यापुढे ती काच आली की उजेड हिरवा दिसतो. चुलत्यांनी एकदा फुटक्या काचेचा तुकडा आणून दिला होता. आम्ही पोरं तो उन्हात धरून हिरवा होतोय का बघत बसायचो. होत नव्हता.

टिळकवाडी, बेळगाव

हे पटलं काका. पण मग गेटाचं काय? गेट पडलं की आपण अडकतो आणि सिग्नल पडला की गाडी सुटते. एकाच जागी एकाच शब्दाचे दोन अर्थ?

खानापूर

पहिलं पडल्याशिवाय दुसरं पडतच नाही, हीच तर मेख आहे. गेट सिग्नलशी जोडलेलं असेल तर आधी गेट पडायचं, त्याला कुलूप बसायचं, मगच सिग्नलची लिव्हर हलणार. गेट उघडं ठेवून ओढायला गेलात तर दोन्ही पाय लावून ओढा, हलायची नाही. सांधा अर्धवट बसला असेल तरी तेच. याला इंटरलॉकिंग म्हणतात. आता लिव्हर जाऊन बटणं आणि संगणक आले, पण नियम तोच. तेव्हा दहा मिनिटं खोळंबलात म्हणून गेटमनच्या नावानं बोटं मोडू नका.

निपाणी

आमच्या निपाणीला रेल्वेच नाही, त्यामुळे गेटाशी अडकायचं भाग्यही नाही. पण शब्दांबद्दल बोलतो. ‘सांधा’ किती नेमका शब्द आहे बघा. गुडघ्याचा तोच रुळांचा, आणि दोन्ही नीट बसले नाहीत की प्रवास संपला. सीमेवर रुळाला ‘हळी’ही म्हटलं जातं, तो कन्नडचा. गाडी घसरली की ‘हळी तप्पितु’.

इंटरलॉकिंगसाठी मात्र हिंदी सरकारी शब्द आहे ‘अंतर्पाशन’. ऐकूनच गळ्याभोवती पाश आवळतो. ‘सांगड’ का नको? गेट, सांधा आणि सिग्नल यांची सांगड घातली, हे कुणालाही समजेल. मिरज-लोंढा दुहेरीकरणाच्या वेळी पेपरात यायचं, ‘नॉन-इंटरलॉकिंगच्या कामामुळे गाड्या रद्द’. आमच्या शेजाऱ्यांचा समज असा की नॉन-इंटरलॉकिंग नावाचं नवीन यंत्र बसवतायत. प्रत्यक्षात जुनी सांगड सोडवलेली असते, नवी अजून बांधायची असते. मधल्या दिवसांत सांधे हातानं लावून, पक्के आवळून गाड्या सोडाव्या लागतात, म्हणून मोजक्याच सोडतात.

घटप्रभा

मी सिग्नल खात्यात आहे. सर, ‘सांगड’ छान आहे, पण साईटवर कोण म्हणणार नाही, आधीच सांगतो.

‘पडणे’वर मात्र माझं वेगळं मत आहे. काकांनी सांगितलेला हात खाली पडणारा. वर उचलला जाणारा हातही असतो. तो ४५ अंश वर म्हणजे जपून, सरळ उभा म्हणजे मोकळं. तार तुटली की हा हात स्वतःच्या वजनानं आडवा येतो, म्हणजे पडला की थांबा! खाली पडणाऱ्या हातालाही आडवं करायला वजन लावलेलं असतं, पण तिथं वजनाला हात वर ढकलावा लागतो. इंग्लंडात ॲबट्स रिप्टनला जानेवारी १८७६ मध्ये असल्याच खाली पडणाऱ्या हातांवर बर्फ गोठून सिग्नल ‘मोकळं’ दाखवत अडकले. एक्स्प्रेस मालगाडीवर आदळली आणि त्या ढिगाऱ्यावर दुसरी एक्स्प्रेस.

आमच्या रोजच्या बोलण्यात तर ‘ट्रॅक पडला’ म्हणजे तांबडा. रुळांमधून थोडासा करंट सोडलेला असतो, पलीकडे तो रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, उचलून धरतो. गाडी आली की चाकं-आस दोन रूळ जोडून टाकतात, करंट रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो, सिग्नल तांबडा. बॅटरी मेली तरी पडतो, रूळ तुटला तरी बहुतेक पडतोच. १८७२ पासूनची युक्ती आहे ही. जिथं रुळांत करंट टिकत नाही तिथं ॲक्सल काउंटर. आत गेलेल्या आसा मोजायच्या, बाहेर आलेल्या मोजायच्या, आकडा जुळला तर सेक्शन रिकामा.

म्हणजे भाचीचा अर्थ पुण्याचा असला तरी आमच्या खात्यात तोच चालतो.

निपाणी

जाता जाता, गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या रेल्वेच्या यंत्रणेला ‘कवच’ म्हणतात, त्या शब्दाबद्दल कुणी बोलेल का? आई रोज देवीकवच म्हणते. तिला वाटलं, इंजिनाला लोखंडी पत्रा मारलाय.

घटप्रभा

हसलो सर. पत्रा नाही. रुळात टॅग बसवलेले, इंजिनात यंत्र, स्टेशनाशी रेडिओवर बोलणं चालू. तांबडा सिग्नल समोर असताना लोको पायलटनं वेग कमी केला नाही तर यंत्रच ब्रेक लावतं. २०२० मध्ये ही देशाची अधिकृत प्रणाली ठरली. नाव चांगलं, पण कवच घाव बसल्यावर कामाला येतं. हे घाव बसूच देत नाही. मला विचाराल तर ‘राखण’ जास्त जवळचं.

टिळकवाडी, बेळगाव

सगळं घरी वाचून दाखवलं. भाची म्हणते, तीच जिंकली. वडिलांनी काचेचा भाग दोनदा वाचायला लावला, रिलेचा एकदाही नाही. संध्याकाळी परत दुसऱ्या गेटाशी अडकलो. लांबच्या खांबावर तांबड्याचा हिरवा झाला, त्यात पडण्यासारखं काही नव्हतंच. वडील म्हणाले, “पडला की.”