प्रतिसाद: टोइक प्रकरण आणि अपील

टोइक या इंग्रजी चाचणीत फसवणूक केल्याचा ठपका ठेवून ब्रिटन सरकारने ज्या परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले, त्यांच्याबद्दल एकांनी विचारलंय, "निर्दोष होते तर तेव्हाच अपील का नाही केलं?" अहो, सुरुवातीला बहुतेकांना अपील करायचं तर आधी ब्रिटन सोडावं लागत होतं. कॉलेज गेलं, भरलेली फी गेली, कपाळावर फसवणुकीचा शिक्का, आणि मग म्हणे मायदेशातून लढा! तो मार्ग पुरेसा नाही, हे अपील न्यायालयाने अहसान खटल्यात 2017 साली मान्य केलं.

फसवणूक झालीच नाही, असं मी म्हणत नाही. बीबीसीच्या पॅनोरामा या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाने 2014 मध्ये दाखवलेलंच आहे: तोंडी परीक्षेला भलताच माणूस बसलेला आणि बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरं पर्यवेक्षक मोठ्याने वाचून सांगतोय. पण पुढे ही चाचणी घेणाऱ्या ईटीएस संस्थेने 58 हजारांवर चाचण्यांपैकी 97 टक्के संशयास्पद ठरवल्या. इतक्या? वेगवेगळ्या परीक्षार्थींच्या नावावर एकच आवाज आहे का, हे आधी संगणकाने जुळवायचं, मग दोन माणसांनी ऐकून बघायचं, अशी पद्धत. विद्यार्थ्याने ध्वनिफीत मागवली, त्यात दुसऱ्याचाच आवाज निघाला, तर तो म्हणणार, ही फाइलच माझी नाही. परीक्षाकेंद्रच लबाड असेल तर कुठली फाइल कुणाच्या नावावर चढली, हे त्याने सिद्ध करायचं तरी कसं?

तरीही 2022 च्या डीके-आरके खटल्याच्या निकालात ब्रिटनमधल्या स्थलांतरविषयक अपिलांच्या वरिष्ठ न्यायाधिकरणाने सरकारी पुरावा भक्कम धरला. त्यामुळे आता नुसतं "मला इंग्रजी येतं" म्हणून भागत नाही. इंग्रजी उत्तम येणाऱ्यांनीही तोतया बसवला असू शकतो, हा युक्तिवाद ठरलेला. केंद्रात कसे पोहोचलात, आत काय घडलं, हे बारकाईने सांगता आलं तर थोडी आशा. आता आठवा इतक्या वर्षांपूर्वीची ती दुपार!