कमी उंचीच्या गोलरक्षकाने जाळ्यापासून किती पुढे उभे राहावे?

रंकाळाकाठ:

माझा भाचा टोरांटोला असतो. त्याचा 12 वर्षांचा मुलगा तिथे बर्फावरच्या हॉकीत गोलरक्षण करतो आणि संघात सर्वांत कमी उंची त्याचीच आहे. या मोसमात नव्या प्रशिक्षकांनी त्याला गोलासमोरच्या निळ्या अर्धवर्तुळाच्या टोकावरून जवळजवळ तीन फूट मागे आणले, तेव्हा भाच्याने मला तावातावाने फोन केला. पोरगा आधीच ठेंगणा, त्यात त्याला जाळ्यात ढकलले, आता सगळे गोल त्याच्या खांद्यावरून होणार, असे त्याचे म्हणणे आहे. भाचा लहानपणी आपल्या कोल्हापूरच्या गांधी मैदानावर फुटबॉल अडवत वाढला, त्यामुळे त्याच्या कानात अजून ‘पुढं ये, पुढं ये’ हीच आरोळी आहे. पेठेतल्या लहान पोरांना गोलरक्षण शिकवताना मीही इतकी वर्षे तीच आरोळी देत आलो आहे.

तरीही या बाबतीत माझे मत त्या प्रशिक्षकांच्या बाजूचे आहे. ते का, हे मांडतो. विरोधी मत असणाऱ्यांनी मोकळेपणाने लिहावे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. बर्फावरच्या हॉकीचा गोल 6 फूट रुंद आणि 4 फूट उंच असतो. चेंडूच्या जागी 3 इंच व्यासाची आणि 1 इंच जाडीची रबरी चकती असते, तिला पक म्हणतात. गोलाच्या मागेही खेळ चालतो, म्हणजे पक जाळ्याच्या पाठीमागून फिरवून पुन्हा समोर आणता येतो. गोलरक्षक फटका येताना बहुधा गुडघ्यांवर बसून दोन्ही पाय बाहेर फाकवतो आणि पायांवरच्या रुंद पॅडांनी खालची बाजू बंद करतो. या बैठकीला बटरफ्लाय म्हणतात. उंच माणूस असा बसला तरी त्याचे खांदे आडव्या दांडीच्या जवळपास राहतात, ठेंगण्या माणसाच्या खांद्यांवर मात्र मोकळी जागा उरते, पुढे आले की समोरच्याला ती कमी दिसते, आणि ‘पुढे ये’ या सल्ल्याचे मूळ तिथे आहे.

माझा आक्षेप असा आहे की हा सल्ला फक्त पहिल्या फटक्याचा विचार करतो. समोरचा खेळाडू फटका मारण्याऐवजी पक आडवा पास करतो तेव्हा पुढे उभ्या असलेल्या गोलरक्षकाला मागे असलेल्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर कापावे लागते, आणि ठेंगण्या मुलाचे पायही आखूड असतात हे आपण विसरतो. उंच मुलगा उशिरा पोहोचला तरी लांब पाय टाकून खांबाशी काहीतरी अडवतो. ठेंगण्याला तिथे वेळेवर, अख्ख्या अंगाने पोहोचावे लागते. म्हणून त्याने गोलरेषेवर चिकटून न राहता, पण निळ्या भागाच्या टोकावरही न जाता, मधोमध उभे राहावे आणि आपले पाय जितके वेगाने चालतात तितकेच पुढे यावे, असे मला वाटते. स्वीडनचा गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट कारकीर्दीभर गोलरेषेच्या अगदी जवळून खेळण्यासाठी ओळखला गेला. तो 6 फूट 1 इंच उंच होता, म्हणजे ठेंगणा नव्हता हे मान्य आहे, पण त्या खेळातल्या आजच्या गोलरक्षकांच्या रांगेत तो राक्षसही ठरला नसता.

जुना गोलरक्षक, शिवाजी पेठ:

आपल्याविषयी आदर ठेवून सांगतो, हा सल्ला त्या पोराचे नुकसान करील.

मी फुटबॉलचा गोलरक्षक, साडेपाच फुटांचा. माझ्या पहिल्या मोसमात मला शिकवणाऱ्या गृहस्थांनी गोलरेषा सोडू नकोस म्हणून बजावले होते. एका सामन्यात समोरचा आघाडीपटू एकटा चेंडू घेऊन येत होता, त्याच्या सोबतीला कोणी नव्हते, पास देण्याचा प्रश्नच नव्हता, आणि मी आज्ञाधारकपणे दांडीखाली उभा राहिलो. त्याने मान वर केली तेव्हा त्याला माझ्या दोन्ही बाजूंना आणि डोक्यावर मोकळे जाळे दिसले असणार. चेंडू माझ्या बोटांच्या वीतभर वरून गेला. त्या दिवशी घरी जाताना मी ठरवले की समोरच्याला जाळे दिसूच द्यायचे नाही, आणि पुढची 11 वर्षे मी तसाच खेळलो.

बर्फावरच्या हॉकीतले उदाहरण हवे असेल तर 2011 सालचा स्टॅनली कपचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी लीगच्या विजेतेपदाचा, अंतिम सामनासंच पाहावा. बोस्टनचा टिम थॉमस 5 फूट 11 इंचांचा, त्या खेळाच्या मानाने ठेंगणा, आणि पुढे येऊन फटक्यावर तुटून पडणारा. समोर व्हँकुव्हरचा 6 फूट 3 इंचांचा रॉबर्टो लुओंगो, जाळ्याजवळ राहणारा. सात सामन्यांत मिळून थॉमसने फक्त 8 गोल होऊ दिले, शेवटचा सामना बोस्टनने 4–0 असा जिंकला आणि त्या बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक थॉमसला मिळाला. ठेंगण्याने मागे राहावे असे म्हणणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.

रंकाळाकाठ:

उत्तर त्याच सामनासंचात आहे. दुसऱ्या सामन्याच्या जादा वेळेत फक्त 11 सेकंद झाले असताना व्हँकुव्हरचा बरोज थॉमसला चुकवून गोलाच्या मागून फिरला आणि रिकाम्या जाळ्यात पक ढकलून मोकळा झाला, कारण थॉमस फार बाहेर आला होता. पाचव्या सामन्यातला एकमेव गोलही असाच. फटका गोलाच्या बाजूने गेला, मागच्या फळीवर आपटून दुसऱ्या अंगाला आला आणि थॉमस परत पोहोचण्याआधी व्हँकुव्हरच्या लापिएरने तो आत घातला. सामन्यानंतर लुओंगोने उघड सांगितले की निळ्या भागात राहणाऱ्याला तो पक अडवणे सोपे होते. थॉमस जिंकला हे खरे. पण त्या दोन सामन्यांतले विजयी गोल त्याच्या उभे राहण्याच्या जागेमुळे झाले, हेही तितकेच खरे.

गणिताचा शिक्षक, राजारामपुरी:

दोघांचेही म्हणणे मोजून पाहता येते, म्हणून लिहितो. फटका बर्फावरून निघतो आणि जवळजवळ सरळ रेषेत वर जातो असे धरू. पक गोलापासून 20 फुटांवर आहे. गोलरक्षक 2 फूट पुढे असेल तर त्याच्या जागी त्याला 5.4 फूट रुंदी आणि 3.6 फूट उंची झाकावी लागते. तोच 5 फूट पुढे आला तर 4.5 फूट रुंदी आणि 3 फूट उंची पुरते. म्हणजे तीन फूट पुढे येऊन त्याने उंचीत सुमारे 7 इंच कमावले. ठेंगण्या मुलाच्या बाबतीत हे 7 इंच म्हणजे खांदा आणि दांडी यांच्यामधली बरीचशी मोकळी जागा आहे, आणि इथपर्यंत शिवाजी पेठेचे म्हणणे निर्विवाद बरोबर आहे.

आता आडव्या पासचे पाहू. पक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला आणि गोलाच्या मध्यापासून पाहता त्याची दिशा काटकोनात बदलली, असे समजा. 2 फूट पुढे असलेल्या गोलरक्षकाला नव्या जागी जाण्यासाठी सरळ रेषेत 2.8 फूट सरकावे लागते. 5 फूट पुढे असलेल्याला 7 फुटांहून जास्त. अडीच पट अंतर, आणि पकाला लागणारा वेळ मात्र दोघांसाठी सारखाच. रंकाळाकाठ यांचा मुद्दा या आकड्यांतून सिद्ध होतो.

आणखी एक हिशेब दोघांच्याही बोलण्यातून सुटला आहे. पुढे आल्यामुळे प्रतिक्रियेचा वेळ कमी होतो असे पुष्कळ जण सांगतात. ताशी 100 किलोमीटर वेगाच्या फटक्याला तीन फूट कापायला सेकंदाचा सुमारे तिसावा भाग लागतो. एवढ्या वेळासाठी जाळ्याचा मोठा भाग उघडा ठेवणे मला परवडणारे वाटत नाही, त्यामुळे मागे राहण्याच्या बाजूने हे कारण कोणी देऊ नये.

मात्र माझा खरा आक्षेप आपण सगळेच फुटबॉलचा अनुभव बर्फावर नेऊन ठेवतो आहोत याला आहे. फुटबॉलचा गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो, आणि चेंडू वर उचलला की तो पुन्हा खाली येतो. पुढे आलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू टाकता येतो, मग तो कितीही उंच असो. 1995 मध्ये पॅरिसला झालेल्या युरोपीय कप विजेत्यांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सारागोसाच्या नायिमने जादा वेळेच्या अगदी शेवटी जवळजवळ मधल्या रेषेपासून चेंडू उंच उडवला आणि तो आर्सेनलच्या डेव्हिड सीमनच्या मागे जाळ्यात पडला. 2002 च्या विश्वचषकात रोनाल्डिन्होने त्याच सीमनला पुन्हा तसेच फसवले. सीमन 6 फूट 4 इंचांचा होता. बर्फावरच्या हॉकीत दांडी फक्त 4 फुटांवर असल्यामुळे जवळून मारलेला पक गोलरक्षकावरून जाऊन पुन्हा दांडीखाली उतरायला अंतरच मिळत नाही. म्हणून ठेंगण्या फुटबॉल गोलरक्षकाला पुढे येण्याची जी मोठी किंमत मोजावी लागते, ती बर्फावर नाही. तिथली किंमत आडव्या पासची आणि मागून फिरून येणाऱ्या पकाची आहे. आपल्या मैदानावर ‘पुढं ये’ म्हणताना थोडे घाबरायला हवे आणि तिथे वेगळ्या कारणासाठी घाबरायला हवे, ही गल्लत दूर झाली तर निम्मा वाद मिटेल.

कसबा बावडा:

माझी मुलगी 13 वर्षांची असून ती फुटबॉलमध्ये गोलरक्षण करते, त्यामुळे हा धागा मी दोनदा वाचला. आपण सर्व जण त्या मुलाची आजची उंची गृहीत धरून त्याची आयुष्यभराची जागा ठरवत आहात, याचे मला आश्चर्य वाटते. 12 वर्षांचा मुलगा पुढच्या तीन वर्षांत वीतभरही वाढू शकतो. माझ्या मुलीला सुरुवातीला खूप पुढे उभे राहायला शिकवले गेले, कारण तिचा हात दांडीपर्यंत पोहोचत नव्हता. दोन वर्षांत तिचा हात पोहोचू लागला, पण पुढे धावण्याची सवय गेली नाही, आणि आता तिच्या डोक्यावरून जाणारे गोल पाहताना माझा जीव खालीवर होतो. ती सवय तिची तिने लावून घेतलेली नाही.

मोठ्या माणसांचे गोल लहान मुलांपुढे मांडले की असेच होते. इंग्लंडमध्ये 11 आणि 12 वर्षांची मुले नऊ-नऊ जणांचा खेळ खेळतात आणि त्यांच्यासाठी 16 बाय 7 फुटांचा गोल असतो, तेव्हा मूल आपल्या अंगाला साजेशी जागा शोधू शकते. त्या टोरांटोच्या मुलाच्या बाबतीत मला प्रशिक्षकांचे पटते ते एवढ्यासाठीच की मधोमध उभे राहून पायांचे काम शिकलेल्या मुलाला उंच झाल्यावर ते काम विसरावे लागणार नाही. पुढे येऊन अंग मोठे दाखवण्याचे कौशल्य मात्र उंची वाढल्यावर अर्धे निरुपयोगी ठरते.

जुना गोलरक्षक, शिवाजी पेठ:

ताई, आपला मुद्दा मला लागला. मी वाढलोच नाही, त्यामुळे वाढणाऱ्या मुलाचा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

शिक्षक महाशयांचे अडीच पटही मी मान्य करतो. दोन जण एका बचावपटूवर चालून येत असतील तर गोलरक्षकाने मागे असावे, यावर माझा वाद नाही. पण एकटा खेळाडू दुरून फटका मारणार असेल, त्याच्या आजूबाजूला पास घेणारा कोणी नसेल, तर 7 इंच सोडून मागे का राहायचे? त्या वेळी कापावे लागणारे आडवे अंतर शून्य आहे. ठेंगण्याला मधली जागा ‘नेमून’ देण्याला माझा विरोध आहे. जागा चेंडूने, म्हणजे इथे पकाने, ठरवावी आणि पोराने ती मान वळवून वाचावी. मागे राहायला शिकवलेले पोर हळूहळू मागेच राहते, हे मी आपल्या मैदानांवर फार पाहिले आहे. भीती वाटली की मूल आपोआप दांडीकडे सरकते आणि त्याला वाटते की आपण शिकवल्याप्रमाणेच करत आहोत.

रंकाळाकाठ:

काल रात्री भाच्याशी पुन्हा बोललो आणि त्याला त्या प्रशिक्षकांना नेमके काय अपेक्षित आहे ते विचारायला लावले. त्यांचे म्हणणे मला जसे कळले तसे लिहितो. प्रतिस्पर्धी वेगाने चालून येत असताना मुलाने निळ्या भागाच्या बाहेरच सुरुवात करायची आणि समोरच्याच्या वेगाशी वेग जुळवत मागे सरकत यायचे, जेणेकरून तो खेळाडू जवळ येईल तेव्हा मुलगा मधोमध पोहोचलेला असेल आणि त्याचे पाय चालते असतील. तीन फूट मागे आणले ते खेळ गोलाजवळ स्थिरावल्यानंतरचे. भाच्याने गॅलरीतून फक्त तेवढेच पाहिले होते, आणि मीही ते न विचारता माझे मत बनवले, ही माझी घाई झाली.

त्यामुळे दुरून येणाऱ्या एकट्या फटक्याबाबत मी माझे पहिले म्हणणे मागे घेतो. पास शक्य असताना मधोमध राहावे, हे मात्र कायम ठेवतो. येत्या चार सामन्यांत प्रत्येक गोल थेट फटक्यावर झाला की आडव्या पासवर, आणि मुलगा तेव्हा कुठे उभा होता, एवढे वहीत टिपून ठेवायला मी भाच्याला सांगितले आहे.

जुना गोलरक्षक, शिवाजी पेठ:

वहीत आणखी एक रकाना वाढवायला सांगा. गोल झाला तेव्हा मुलगा उभा होता की आधीच गुडघ्यांवर बसला होता, हे लिहावे. ठेंगणा मुलगा फटक्याआधी खाली बसला तर तो पुढे असो की मागे, वरचे जाळे त्याने स्वतःच दिलेले असते. आणि मधोमध म्हणजे नेमके किती, हे ठरवताना आपण सांगाल त्यापेक्षा फूटभर पुढे असे माझे मत नोंदवून ठेवा.