उत्तर: कर्मचाऱ्यांनाच नको असतं?
"कर्मचाऱ्यांना नवीन काही शिकायचंच नसतं, म्हणून सरकारी ॲप बुडतात" हा वरचा मुद्दा मला अजिबात पटला नाही. माझी काकू अंगणवाडी सेविका आहे. 2019 मध्ये राज्यभरातल्या सेविकांना सरकारने मोबाईल दिले, रॅम फक्त 2 जीबी. काकू तो हौसेने शिकली होती. पण 2021 मध्ये पोषण ट्रॅकर, म्हणजे अंगणवाडीतल्या पोरांच्या वजन-पोषणाच्या नोंदी भरायचं केंद्र सरकारचं ॲप, आलं आणि फोन हँग व्हायला लागला. त्यात ॲप इंग्रजीत. पोरांची वजनं ती आधी रजिस्टरमध्ये मराठीत लिहायची, मग रात्री भाच्याला शेजारी बसवून एकेक नाव इंग्रजीत भरायची. निम्म्यात फोन बंद पडला की पुन्हा पहिल्यापासून. वर दुरुस्तीचा खर्चही तिच्याच माथी, तोही तुटपुंज्या मानधनातून!

शेवटी ऑगस्ट 2021 मध्ये राज्यात ठिकठिकाणी सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयात नेऊन परत केले. काकूही गेली होती, खोक्यासकट फोन घेऊन. तिचं मागणं एवढंच होतं की चालणारा फोन द्या आणि ॲप मराठीत करा. खरेदीआधी एखाद्या अंगणवाडीत महिनाभर वापरून बघितलं असतं, तरी हे तेव्हाच कळलं असतं.