आधी जेवण की आधी परिपूर्णतेचा अट्टहास?

प्रश्न : माझ्या १६ वर्षांच्या मुलीला अॅनोरेक्सियाचे (वजन वाढण्याच्या भीतीने खाणे टाळण्याच्या आजाराचे) निदान झाले आहे. एक गुण गेला तरी अख्खी वही पुन्हा लिहून काढणाऱ्या या मुलीने तोच काटेकोरपणा आता जेवणाला लावला आहे. मूळ दुखणे या अट्टहासात असेल, तर डॉक्टर आधी खाण्यावरच भर का देत आहेत?

उत्तर १ : डॉक्टरांचा क्रम योग्य आहे. १९४४-४५ मध्ये संशोधक अॅन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांच्यातही अन्नाचा ध्यास, जेवणाचे विचित्र विधी आणि एकलकोंडेपणा दिसू लागला. त्यामुळे मुलीचा आजचा ताठरपणा कितपत स्वभावातला आणि कितपत उपासमारीतून आलेला, हे पोषण सुधारल्याखेरीज उमगत नाही. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झालेल्या कुटुंबाधारित उपचारात म्हणूनच आईवडील काही काळ जेवणाचे निर्णय स्वतःकडे घेतात आणि वजन सावरू लागले की ते टप्प्याटप्प्याने मुलीकडे सोपवतात. दोष ना तिला दिला जातो, ना पालकांना. चक्कर येणे किंवा नाडी फार मंद होणे दिसल्यास मात्र थेरपीच्या पुढच्या सत्राची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दीर्घ उपासमारीनंतर आहार एकदम वाढवणेही धोक्याचे असते, म्हणून तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा.

उत्तर २ : क्रम मान्य आहे, पण अट्टहास आपली पाळी येईपर्यंत गप्प बसत नाही; तो उपचारालाच परीक्षा बनवतो. अशी मुले आहाराची नोंदवही सुबक ठेवतात आणि एक घास राहिला तर सगळेच फसले असे मानतात. मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी खाण्याच्या विकारांसाठी विकसित केलेल्या बोधात्मक वर्तनोपचारात (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या थेरपीत) गरजेनुसार परिपूर्णतेच्या अट्टहासावर स्वतंत्र काम होते : स्वतःची किंमत केवळ यशावर आणि वजनावर तोलण्याची सवय तपासली जाते, आणि एखादा निबंध दुसऱ्यांदा न वाचता देऊन खरोखर काय बिघडते ते पाहिले जाते. (तो प्रयोगही बिनचूक करण्याचा खटाटोप होतोच, थेरपिस्टला ते अपेक्षित असते.)

प्रश्नकर्ती : तोवर अभ्यासाचे काय करावे?

उत्तर २ : तो थांबवायचा की कमी करायचा, हे तिची प्रकृती पाहून डॉक्टर ठरवतील. घरी मात्र वाढलेल्या वजनाचे कौतुक गुणांच्या कौतुकासारखे करू नका. ताटावर बसल्यावर दोन्ही विषय टाळलेले बरे.