'रायव्हल'ला मराठीत काय म्हणायचं? प्रतिस्पर्धी, भाऊबंद, की ईर्षा?

संत्रानगरीची

नमस्कार मंडळी. एक शब्द हवा आहे आणि शनिवारच्या आत हवा आहे.

माझी मुलगी मिशिगनमधल्या होप कॉलेजात शिकते. गावाचं नाव हॉलंड. देश नव्हे, मिशिगन सरोवराकाठचं गाव. तिथल्या मुलांच्या बास्केटबॉल संघाच्या मॅचेस बघायची मला चटक लागली आहे. (संघाचा रंग नारंगी. नागपूरच्या बाईला आणखी काय कारण हवं?) दर मॅचनंतर मी बाबांना नागपूरला मराठीत वृत्तांत पाठवते. बाबा तरुणपणी स्वतः खेळलेले, त्यामुळे खेळ समजावून सांगावा लागत नाही. भाषा मात्र ते पेन्सिल घेऊन तपासतात. गेल्या खेपेला मी लिहिलं, "शनिवारी आपला प्रतिस्पर्धी कॅल्विन." उत्तर आलं, "मग बुधवारी आले होते ते अल्मावाले कोण होते? पाहुणे?"

बरोबरच आहे त्यांचं. होपच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे दरवर्षी आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या संघटनेत, मुलांचे आठ संघ आहेत. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे, म्हणजे 14 मॅचेस. समोर येईल तो प्रतिस्पर्धी, हे खरंच. पण कॅल्विनचं तसं नाही. 1920पासून हे दोघे एकमेकांशी खेळताहेत, दोनशेच्या वर मॅचेस झाल्यात आणि 1997 साली ग्रँड रॅपिड्सच्या मोठ्या अरीनात ही एक मॅच ठेवली तेव्हा अकरा हजारांवर माणूस लोटला होता. खेळासाठी दमडीची शिष्यवृत्ती मिळत नाही अशा डिव्हिजन थ्रीच्या पोरांना बघायला! तर अल्मा आणि कॅल्विन यांच्यात जो फरक आहे, तो दाखवणारा शब्द सुचवा.

नुसता वाचक

रायव्हल म्हणा की. बास्केटबॉलला कुठे 'टोपलीचेंडू' म्हणताय?

शब्दखुळा

वाचकराव, तुमच्या त्या रायव्हलचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ 'एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा'. म्हणजे शत्रू परका नाही, शेजारी आहे. पाणी एक, तोंडं दोन.

'प्रतिस्पर्धी'त हा शेजार नाही. तो शब्द फक्त समोर उभा करतो. वृत्तपत्रांनी 'कट्टर' आणि 'पारंपरिक' ही दोन विशेषणं लावून लावून त्याला जोर आणायचा प्रयत्न केला, पण ती विशेषणंच आता गुळगुळीत झालीत. 'हाडवैर', 'उभा दावा' यांत रक्त येतं. 'चुरस' चांगला आहे, पण ती लढतीत असते, नात्यात नसते. एकतर्फी मॅचमध्ये चुरस नसते; वैर मात्र तसंच राहतं. 'विळ्याभोपळ्याचं सख्य' म्हणावं तर त्यात भोपळा दर वेळी कापलाच जातो. इथे आलटूनपालटून कापले जात असणार.

बांधकरी

एकाच पाटाचं पाणी घेणाऱ्यांना आमच्याकडे भाऊबंद म्हणतात. पाणीपाळीच्या रात्री बॅटरी घेऊन बांधावर उभा राहणारा माणूस परगावचा नसतो, चुलत चुलत्याचाच असतो. त्या दोन कॉलेजांचं काही नातं आहे का, ताई? असेल तर शब्द मिळाला.

संत्रानगरीची

नातं? अहो, सख्खं!

1847मध्ये नेदरलँड्सहून धर्माच्या कारणानं निघालेली माणसं इथे येऊन वसली, त्यांनीच हॉलंड वसवलं. पुढे ती अमेरिकेतल्या रिफॉर्म्ड चर्चमध्ये सामील झाली. 1857मध्ये त्यांतल्या काही मंडळींचं बिनसलं आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. होप पहिल्या घरातलं, सनद 1866ची. कॅल्विन दुसऱ्या घरातलं, 1876चं. दोन्ही कॉलेजांत अंतर जेमतेम 45-50 किलोमीटर. आडनावं तीच, चेहरे तेच, नाताळचे पदार्थही तेच.

मागच्या वर्षी माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. अंगात नारंगी स्वेटर, हातात विणकाम. खेळ रंगला की सुया थांबायच्या. मध्यंतराला त्यांनी समोरच्या बाजूला बोट दाखवलं. तिकडे मरून शालीतल्या दुसऱ्या आजींनी हात हलवला. "माझी धाकटी बहीण," या म्हणाल्या, "लग्न करून तिकडे गेली." आणि पुन्हा सुया सुरू. अगदी आपल्याकडे 'ती त्यांच्यात दिली' म्हणतात ना, तोच सूर.

बांधकरी

झालं तर मग. भाऊबंदकी. खाली सही.

कज्जेदलालाची लेक

सही करू नका. माझं बालपण वडिलांच्या पक्षकारांना चहा देण्यात गेलंय, त्यामुळे भाऊबंदकी जवळून पाहिली आहे. तिच्यात कुणी टाळ्या वाजवत नाही. मोजणीची तारीख असते, तलाठी असतो आणि दोन्हीकडच्या बायका चोरून एकमेकींची चौकशी करतात. मुख्य म्हणजे भाऊबंदकीत कुणालाच मजा येत नाही. ताईंच्या वर्णनात तर सगळ्यांना मजा येते आहे.

दुसरं, शब्दाचं वजन. भाऊबंद म्हणजे नुसते नातलग, लग्नपत्रिकेतसुद्धा चालतो. '-की' लागली की तो थेट कोर्टात जातो. तेव्हा 'कॅल्विन हे होपचे भाऊबंद' हे चालेल, 'भाऊबंदकी' नको.

शब्दखुळा

हा भेद मान्य. पण भाऊबंद हे नातं झालं. त्या नात्यातली जी आच आहे तिला काय म्हणाल?

अवांतर: अशी फुटलेली घरं तिकडे आणखी आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम्स कॉलेजचा अध्यक्षच 1821मध्ये काही विद्यार्थी घेऊन बाहेर पडला आणि ॲमहर्स्ट उभं राहिलं. जाताना ग्रंथालयातली पुस्तकंही नेली, असं विल्यम्सवाले अजून सांगतात. वाटणीत तांब्याचा हंडा कुणी नेला, छापाची गोष्ट. बास्केटबॉलमध्ये डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद विल्यम्सनं 2003मध्ये मिळवलं, ॲमहर्स्टनं 2007 आणि 2013मध्ये. म्हणजे हंडे तिकडे जास्त गेले.

पेठेतला

आचेला आमच्याकडं शब्द हाय. ईर्षा.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमींची फुटबॉल मॅच लागली की कुणी 'प्रतिस्पर्धी' म्हणत न्हाई. "लई ईर्षेची मॅच हाय" म्हणत्यात. पोरगं खेळात मऊ पडलं की "अरे ईर्षेनं खेळ की!" आणि ते शब्दखुळा ओढ्याचं पाणी म्हणाले, तर आमच्या तालमीच्या नावातच पाट हाय, बघा.

शब्दखुळा

पण संस्कृतात ईर्ष्या म्हणजे मत्सर! दुसऱ्याचं चांगलं न बघवणं. षड्रिपूंच्या शेजारी बसणारा शब्द तो.

पेठेतला

ते तुमच्या कोशात. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडचा पेपर उघडा. ग्रामपंचायतीची निवडणूक झाली की दुसऱ्या दिवशी ठळक अक्षरात, 'चुरशीने, ईर्षेने मतदान'. आता मतदान मत्सरानं कसं करणार? म्हाताऱ्या माणसाला खुर्चीवर बसवून बूथवर आणत्यात, पुण्या-मुंबईची पोरं गाडी करून येत्यात, ती ईर्षा. दुसऱ्याचं वाईट व्हावं असं त्यात नसतं. त्याच्यापुढं आपण उणं पडू नये, एवढंच.

आणि होप ते कॅल्विन अंतर कोल्हापूर ते सांगली एवढंच भरतंय की. उगाच न्हाई.

शब्दखुळा

मागे घेतो. खालच्या पट्टीतला शब्द वरच्या अर्थाला गेला, असं क्वचित होतं. बहुतेक वेळा उलटच होतं. 'य' गेला आणि मत्सरही गेला.

कज्जेदलालाची लेक

मला पटलं. ईर्षेच्या मॅचनंतर दोन्ही संघ रांगेनं हात मिळवतात, हे चित्र डोळ्यापुढे येतं. हाडवैरात येत नाही. मुंबईकर 'खुन्नस' म्हणतील, पण खुन्नस एका माणसाची दुसऱ्यावर असते. ती आजीकडून नातवाकडे वारसानं जात नाही.

नुसता वाचक

बरं, आता 'कॉन्फरन्स'चं मराठी करा म्हणजे मी झोपायला मोकळा. 'पत्रकार परिषद' आठवून हसू येतंय.

शब्दखुळा

परिषद बादच. 'साखळी' ही पद्धत झाली, संस्था नव्हे. 'गट' म्हटलं की अ गट, ब गट. म्हणजे चिठ्ठ्या टाकून पडलेला आणि स्पर्धेपुरता. कॉन्फरन्स तशी नसते. ताईंची मिशिगनची कॉन्फरन्स 1888 साली स्थापन झालेली आहे. बास्केटबॉल हा खेळच 1891मध्ये स्प्रिंगफील्डला निघाला. खेळ जन्मायच्या आधीचं कुटुंब आहे हे.

बांधकरी

पंचक्रोशी. जत्रेच्या फडात पंचक्रोशीतले पैलवान येतात, तसं.

शब्दखुळा

झकास, पण सगळीकडे बसत नाही. न्यूयॉर्क, शिकागो आणि अटलांटाची विद्यापीठं एकाच कॉन्फरन्समध्ये आहेत, विमानानं जातात खेळायला. ही कसली पंचक्रोशी? मी 'कॉन्फरन्स'च ठेवीन. वाचकराव, जिंकलात. झोपा.

संत्रानगरीची

होपपुरतं पंचक्रोशी चालेल, मला आवडला. आणि पंचक्रोशीवरून आठवलं: होप-कॅल्विन एकमेकांकडे डोळे वटारून बसलेले असताना याच आठातलं ट्राइन, इंडियानाच्या अँगोला गावचं, 2004 साली कॉन्फरन्समध्ये आलेलं, त्यानं 2024चं राष्ट्रीय विजेतेपद नेलं. अंतिम सामन्यात हॅम्पडन-सिडनीला 69-61. कॅल्विनकडे 1992 आणि 2000ची दोन विजेतेपदं आहेत. आमच्या मुलांकडे एकही नाही, 1996 आणि 1998ला अंतिम फेरीत हरलो. (मुलींनी तीन आणली आहेत, हे मुलगी दर वेळी ऐकवते.) यावर बाबांनी एका ओळीत लिहिलं होतं, "दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ." त्याला मराठी प्रतिशब्द शोधायची गरज पडली नाही.

आणखी एक शंका. शनिवारची मॅच ही दुसरी लढत. पहिली त्यांच्या घरी झाली, आम्ही हरलो. आता आमच्या घरी जिंकलो तर 'वचपा काढला' लिहू की 'उट्टं काढलं'?

कज्जेदलालाची लेक

मी दोन्ही वापरते, पण सारखे नाहीत. वचपा हिशेबी असतो: गेलं तेवढं भरून घेतलं. सहा गुणांनी हरला होतात, सहाने जिंकलात, वचपा निघाला. उट्ट्यात मनात धरून ठेवलेलं असतं. कधीतरी, कशाच्या तरी निमित्तानं काढतात. सासूचं उट्टं नणंदेवर काढतात, वचपा नाही.

पेठेतला

वीसनं जिंकला तर उट्टं. एकनं जिंकला तर वचपा. शेवटच्या सेकंदाला जिंकला तर नुसता गुलाल.

शब्दखुळा

अवांतर, पण शब्दांच्या धाग्यात राहायला हवं. कॅल्विनच्या संघाला 'नाइट्स' म्हणतात, म्हणजे चिलखती सरदार. हे नाव कसं पडलं? त्यांना आधी 'कॅल्विनाइट्स' म्हणत, म्हणजे कॅल्विनपंथी. कुणा बातमीदारानं ते 'कॅल्विन नाइट्स' असं ऐकलं, छापलं आणि पंथाचे लोक घोड्यावर बसले, अशी गोष्ट सांगतात. ऐकण्याच्या चुकीतून आलेला शब्द शंभर वर्षं टिकतो आणि आपण इथे 'ईर्ष्या'तला 'य' राहिला की गेला म्हणून वाद घालतोय.

नुसता वाचक

झोपलो नाही अजून. निकाल काय लागला ते सांगा, ताई.

संत्रानगरीची

सांगते. होप दोन गुणांनी हरलं. शेवटचा शॉट रिंगवर दोनदा नाचला आणि बाहेर पडला. शेजारच्या आजींनी विणकाम पिशवीत कोंबलं आणि समोर हात न हलवता निघून गेल्या.

बाबांना लिहिलं, "ईर्षेची लढत झाली. भाऊबंद पुन्हा जिंकले." त्यांनी पेन्सिलीची खूण केलेला फोटो पाठवला. 'ईर्षा' आणि 'भाऊबंद' दोन्ही शब्दांना हात लावलेला नाही. 'पुन्हा'खाली मात्र दोन रेघा, आणि समासात: "वचपा आणि उट्टं, दोन्ही शब्द जपून ठेव. पुढच्या वर्षी लागतील."